निळ्या रंगाचे दोन हात

सासरेबुवा,

तुम्ही गेल्यापासून मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण भेटल्याबरोबर तुम्ही तेच विचारायचात. ओकची तीन दारं केली, तिन्ही आजही एका बोटानं फिरतात. अक्रोडाचा एक पलंग, त्यात एकही स्क्रू नाही. तुमच्या नातीसाठी अकरा तारांचं कोकले, म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं तुमच्याकडचं तंतुवाद्य. ते तिसऱ्या खेपेला जमलं, आधीची दोन शेकोटीत गेली. तुमच्या कबरीवरची वाळू ओढायला ॲशच्या लाकडाचं दंताळं, सतरा दात, दातांमधलं अंतर सगळीकडे सारखं. आणि गेल्या महिन्यात एक लहान डबा निळा रंग. तोच सगळ्यात अवघड गेला. बाकीचं मी पुस्तकं वाचून आणि माल वाया घालवून शिकलो, कुणाचा विद्यार्थी नाही. रंगाचं मात्र तसं म्हणता येत नाही.

मराठीत लिहितोय याचं नवल वाटेल. तुम्हाला यातलं एक अक्षर कळलं नसतं. तुमच्या मुलीला ‘जेवलास का’ आणि ‘पुरे’ एवढंच येतं. नात ‘बाबा’ म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत. मिशिगनमधल्या आपल्या या नोव्हाय गावात आता मराठी वाचणारी पुष्कळ माणसं झाली आहेत, पण या घरात मी एकटाच. त्यामुळे हा कागद टेबलावर उघडा टाकून मी खुशाल चहा करायला उठू शकतो. उठलोही होतो आत्ता.

मी इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपात वाढलेला, दहावीपुढे शाळा नाही. पुण्याच्या कंपनीनं एक मशीन बसवायला तीन महिन्यांसाठी इकडे पाठवलं आणि तुमच्या टूलरूमनं, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं करणाऱ्या खात्यानं, ठेवून घेतलं. तुम्ही तिथले फोरमन. पासष्टीला आलेले, एका कानानं कमी ऐकणारे, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. म्हणूनच आपलं जमलं असावं. दुसऱ्या आठवड्यात मी केलेली एक पट्टी दोन थाउ जाड राहिली होती. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, केसापेक्षा बारीक. तुम्ही ती उजेडात धरलीत.

“आत बसल्यावर कुणाला दिसणार आहे?” मी म्हणालो.

“तुला दिसली?”

“हो.”

“मग झाला की एक माणूस. आणखी किती हवेत?”

आणि पट्टी भंगाराच्या डब्यात. “घरी बसून शिकलास ते छानच, प्रोफेसर. आता इथे शीक.” त्या दिवसापासून सगळं टूलरूम मला प्रोफेसर म्हणायला लागलं. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण सहा महिन्यांनी तुम्ही तुमचा स्वतःचा मायक्रोमीटर मला दिलात, तुम्ही केलेल्या लाकडी डब्यात, आत हिरवं बनातीचं अस्तर. डबा माझ्या बाकावर ठेवलात आणि निघून गेलात. माझ्या वडिलांनी मला कधी काही हातात दिल्याचं आठवत नाही, त्यामुळे त्याचं काय करायचं हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग रविवारी जेवायला बोलावू लागलात. मला अजून ते स्वयंपाकघर जसंच्या तसं दिसतं. राईचा काळा पाव, डुकराच्या चरबीत परतलेले करडे वाटाणे, ओव्याजिऱ्यासारख्या वासाचे दाणे घातलेलं चीज. मी एकदा ठेचा करून नेला होता. तुम्ही चमचाभर तोंडात टाकलात, बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलात आणि विचारलंत, “हे औषध आहे की शिक्षा?” तुमची मुलगी इतकी हसली की तिच्या हातातला ग्लास सांडला. माझं लग्न तिथेच ठरलं, असं मी लोकांना सांगतो.

त्या खिडकीखाली ती पेटी होती. निळी, झाकणावर पिवळा सूर्य, कडेनं लाल फुलं. तुमच्या आईची लग्नातली पेटी. लॅटव्हियातल्या मुली सासरी जाताना विणलेले मोजे, पट्टे, चादरी अशा पेटीतून नेत, हे मला तुम्हीच सांगितलंत. युद्धाच्या शेवटी गाव सोडलंत तेव्हा घोडागाडीत तुम्ही तिघं आणि ही पेटी. मग जहाज, मग जर्मनीतली छावणी, मग मिशिगन. तुमची मुलगी ही गोष्ट ऐकत वाढली. बाकीच्या मुलींना आजी असते, मला पेटी होती, असं ती म्हणते.

एका रविवारी झाकणाच्या कोपऱ्यात रंगाला फुगा आलेला मला दिसला. सवयीनं मी नख लावलं.

“नको,” तुम्ही म्हणालात.

“वरचा थर सुटलाय. मी नीट करून—”

“नख काढ तिथून.”

आवाज चढवला नाहीत. पण तुमचा चेहरा मी टूलरूममध्ये कधी तसा पाहिला नव्हता, माणसाचं बोट प्रेसमध्ये गेलं त्या दिवशीसुद्धा नाही. मी समजलो, आईची आठवण आहे, परक्यानं हात लावलेला चालत नसेल. मग मी वीस वर्षं हात लावला नाही. तुमच्या पश्चात पेटी आमच्याकडे आली, तरी नाही.

उन्हाळ्यात तुम्ही मला तुमच्या लोकांच्या दफनभूमीत न्यायचात, तुमच्या बायकोच्या कबरीवर. गवत नाही, नुसती वाळू, आणि ती दंताळ्यानं ओढून तिच्यावर रेघा काढायच्या. मला पहिल्यांदा सांगितलंत ते असं: मागं मागं चालत ओढायचं, म्हणजे आपलंच पाऊल आपण पुसत जातो. शेवटी बाहेर येऊन उभं राहायचं आणि बघायचं. कुणी आत गेलं होतं असं दिसता कामा नये. मला ते फार आवडलं होतं. स्वच्छ काम. तुमच्या कबरीवर मी दर वर्षी तसंच करतो, आणि तुमच्या दोस्तांपैकी जे उरलेत ते म्हणतात, हा हिंदू आपल्या पोरांपेक्षा चांगलं ओढतो.

या वर्षी तिघंही तुमच्या गावाला निघालोय. तिकिटं काढलीत, तीन आठवडे उरलेत. नात स्टेट कॉलेजला शिकते, तिथून ती व्हिडिओ कॉलवर आईबरोबर लॅटव्हियनचे धडे घेते, दोघी गाणी पाठ करतात. मी माझ्या पद्धतीनं तयारी केली. शब्दकोश घेऊन बसलो, तुमचे कागद काढले, त्या मुलखाचा इतिहास वाचला. तुम्ही सांगायचात ते खरं होतं. रशियन आले आणि तुमच्या थोरल्या काकांना मुलाबाळांसकट सैबेरियाला घेऊन गेले. त्यांचा कागद मी डोळ्यांनी पाहिला. त्याच उन्हाळ्यात रशियन गेले, जर्मन आले. तिथपासून तुमची गोष्ट एकदम घोडागाडीवर यायची, तीन वर्षं ओलांडून. मी मोजमापाचा माणूस. ती फट मला आधीच दिसायला हवी होती.

तुमच्या मुलीच्या मनात होतं की झाकणावरच्या नक्षीची हुबेहूब प्रत करून गावाला भेट द्यावी. “तूच करू शकशील,” ती म्हणाली. हे वाक्य मला नेहमी लागू पडतं. प्रत करायची तर मूळ रंगाचा पोत कळायला हवा, म्हणून मी पेटी बेसमेंटमध्ये नेली आणि त्याच कोपऱ्यापासून सुरुवात केली, जिथे नख लावलं होतं. निळ्याखाली आणखी एक निळा थर. त्याखाली विटकरी. आणि विटकरीवर पांढरी अक्षरं. लॅटिन नव्हेत. उजवीकडून डावीकडे जाणारी.

आमच्या इथे घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. मी त्यांना अधूनमधून बारीक पिना करून देतो. अक्षरं ट्रेसिंग पेपरवर उतरवून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याचं भिंग न काढताच वाचलं. “लिपी हिब्रू, भाषा यिडिश, आम्हा ज्यूंची. माझी आजी असंच लिहायची. एका मुलीचं नाव आहे, मग तिच्या बापाचं, आणि खाली, तिच्या घरासाठी.” मग विचारलं, “कुठे मिळालं?”

“सासऱ्यांच्या पेटीवर.”

“ते कुठले?”

मी देश सांगितला. त्यांनी गाव विचारलं, गावही सांगितलं. तेव्हा त्यांनी भिंग काढलं आणि ते फडक्यानं पुसत बसले.

“पेटी चांगल्या स्थितीत आहे?”

“हो. उत्तम.”

“सांभाळली म्हणायची,” ते म्हणाले, आणि माझा कागद घडी करून मला परत दिला.

नंतर मी वाचलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्या त्या लहानशा गावातल्या ज्यूंना पाइनच्या रानात नेलं, जिथे जमीन वाळूची होती आणि खणायला सोपी. हुकूम जर्मनांचा, पण बंदुका धरणाऱ्यांत गावातलीही माणसं होती. मागे राहिलेल्या घरांतलं सामान बाजारात मांडून विकलं. तुमच्या वडिलांचं नाव मला बंदूकवाल्यांत कुठे सापडलं नाही. शोधलं, नीट शोधलं. ते फक्त बाजाराला गाडी घेऊन गेले असावेत.

मग मला हॉस्पिटल आठवलं. शेवटचा आठवडा, दुपारची वेळ, तुमची मुलगी कॉफी आणायला खाली गेलेली. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, “एका हातानं झाकलं नाही. दोन हात द्यावे लागले. ब्रश बाबांनी माझ्याकडे दिला होता.” मी म्हटलं, “कुंपणाला का?” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. “हो,” म्हणालात, “कुंपणाला.” मला वाटलं औषधांमुळे बोलताय. तुम्ही त्या वेळी दहा वर्षांचे होतात, हा हिशेब मी आता केला. तुम्ही मला सांगायला निघाला होतात आणि मीच तुम्हाला कुंपण पुरवलं.

दहा वर्षांच्या मुलाला मी काही म्हणत नाही. पण त्यानंतर तुम्ही बासष्ट वर्षं जगलात, त्यातली पुष्कळशी त्या पेटीशेजारी बसून, पायात मोजे चढवत. दोन थाउ जाड पट्टी तुम्हाला चालत नसे. हे दोन्ही एकाच माणसात कसं राहिलं, हे मला विचारायचं होतं. तुमच्यावर चिडून पत्राला सुरुवात केली होती, त्याची कारणंही लिहून ठेवली होती. ती आता वापरता येत नाहीत. का, ते सांगतो.

मी कोपरा उघडून बसलो होतो तेव्हा जिन्यावरून तुमच्या मुलीनं विचारलं, “काही सापडलं का?”

“नाही,” मी म्हणालो. “जुना प्रायमर आहे.”

“बाबांना आवडलं असतं, तू इतकं जपून करतोयस ते.”

मी विचार केलाच नाही. उत्तर तोंडात तयार होतं. त्यानंतर तीन आठवडे मी त्या एका ‘नाही’ला साजेसं काम करत होतो. जवसाचं तेल उकळलं, निळी पूड चार प्रकारची आणली, त्यात काजळी घातली, चुन्याची चिमूट घातली, वाळवून उन्हात आणि ट्यूबलाइटखाली ताडून पाहिलं. सोळाव्या नमुन्याला रंग जमला. एका हातानं झाकलं नाही, अक्षरं पुसट दिसत राहिली. दुसरा हात दिला. मग भिंग घेऊन बघितलं. जोड कुठे आहे ते मलाही सांगता येत नाही. आयुष्यातलं सर्वांत चोख काम, आणि दाखवायला कुणी नाही. नात सुट्टीत आली होती, तिनं झाकणावर हात फिरवून म्हटलं, “बाबा, दिस इज परफेक्ट.”

तो ट्रेसिंग पेपर मात्र मी फाडला नाही. तुमच्या मायक्रोमीटरच्या डब्यात, हिरव्या अस्तराखाली आहे. त्या मुलीचं नाव मला आता पाठ झालंय. तीन आठवड्यांनी तुमची मुलगी त्या गावात उभी राहून लोकांना पेटीचे फोटो दाखवेल, आणि त्यात एखादा म्हातारा असा निघेल की जो फोटोकडे जरा जास्त वेळ बघेल. मी शेजारीच असेन. तेव्हा काय करीन, मला माहीत नाही. एक माणूस पुरे, असं तुम्ही म्हणाला होतात. तो एक माणूस मी आहे, आणि माझ्यानं झालं नाही.

आणखी एक. पेटीचा फोटो तुमच्या मुलीनं इंटरनेटवर टाकला होता, तो बघून शिकागोहून जुन्या वस्तूंच्या एका व्यापारी बाईंचा फोन आला. मी नाही म्हटलं तेव्हा तुमच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, माझ्या माणसांची किंमत तुला माझ्याहून जास्त आहे. मी तिला तसंच समजू दिलं. त्या बाईंनी अकरा हजार चारशे डॉलर सांगितले होते. मी ऐकून घेत होतो, खरं तर त्याच आकड्यात नातीची एका सत्राची फी निघाली असती. पण पुढच्याच वाक्यात त्या म्हणाल्या की वरचा निळा रंग नंतरचा दिसतोय, तो आमची माणसं उतरवून घेतील. तेव्हा मी नाही म्हणालो. अकरा हजार चारशे.