मग हसलं कोण?

बाबा,

तुमच्या नावावर एक आळ आहे आणि तो माझ्यामुळे आहे. आज सकाळी अनारशाच्या पिठाचा डबा उघडला आणि आईने नेहमीप्रमाणे विषय काढलाच. "एकदाच तुझ्या बाबांनी अनारसे तळले," तिने सुरुवात केली. ऐकायला घरात मी एकटी, आणि मी तर हे दर दिवाळीला ऐकते. "एखादा घाणा नाही गं, अख्खंच्या अख्खं पीठ हसवून ठेवलं!" असं म्हणून ती स्वतःच इतकी हसली की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. आई आता ब्याऐंशीची आहे. दात अर्धे गेले, गुडघे गेले, माझं नाव घेताना आधी मावशीचं घेते, पण हा किस्सा तिच्याकडे अजून कोरा करकरीत आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांनंतरही तुम्ही बिचारे त्या अनारशांवरून बोलणी खाताय, आणि खरी चोर समोर बसून शांतपणे गूळ किसतेय. हे काही बरं नाही. म्हणून म्हटलं, आज एकदाचं लिहूनच टाकू.

मी तेव्हा चौथीत होते. आपण डोंबिवलीला पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले ती ताप घेऊनच, आणि दुसऱ्या दिवशी पोटावर तीन फोड. आईने फ्रॉक वर करून बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "पाहुण्या आल्या." कांजिण्या हा शब्द तिने शेवटपर्यंत उच्चारला नाही, नाव घेतलं की म्हणे त्यांना राग येतो. पाहुण्यांचे नियम मात्र एकाहून एक. चादरीखाली कडुनिंबाचा पाला, दारावर कडुनिंबाची डहाळी, खाजवायचं नाही, आंघोळ नाही, कोणाला घरात घ्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे घरात फोडणी नाही, तळण नाही. तळलं की फोड चरचरतात म्हणे. दिवाळी चार दिवसांवर आणि आईने कढई धुऊन पालथी घातली! चकल्यांची भाजणी तशीच राहिली, चिवड्याचे पोहे तसेच राहिले. अनारशांचे तांदूळ तर तिने आधीच तीन दिवस भिजवून, पंच्यावर वाळवून, कुटून, गूळ घालून गोळा मुरत ठेवलेला. तो डबा फडताळात वरच्या फळीवर, आणि मी खाली आडवी.

खरं सांगू का बाबा, ती माझी सगळ्यात मजेची सुट्टी. तुमच्या मानपाड्याच्या कंपनीला पाच दिवस सुट्टी होती आणि ते पाचही दिवस तुम्ही माझ्या उशाशी. एरवी तुम्ही फिटर माणूस, सकाळी सायकल काढून जायचात ते संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन यायचात, दोन शब्द बोललात तरी खूप. त्या सुट्टीत तुम्ही माझ्याशी सापशिडी खेळलात, आणि वर चक्क रडी खाल्लीत. खाली पोरं किल्ला करत होती, मला खिडकीतून बघून रडू आलं, तर तुम्ही परातभर माती आणून खिडकीत किल्ला केलात. त्याला कंपनीच्या नटबोल्टचे बुरूज होते. दिवाळीच्या अभ्यासात निबंध होता, 'मी सुट्टी कशी घालवली'. तुम्ही म्हणालात, "एका शब्दात लिही. आडवी." मी तसंच लिहिलं आणि बाईंनी वहीत लाल शेरा दिला, तो तुम्ही कंपनीत नेऊन दाखवलात.

आणि पहिल्या आंघोळीचा दिवस! मी सकाळी उठल्यापासून भोकाड पसरलेलं. खालच्या मजल्यावरच्या पोरांनी खिडकीतून ओरडून सांगितलेलं की आज जो आंघोळ करत नाही तो थेट नरकात जातो. आई देवाला हात जोडून पाहुण्यांची माफी मागतेय, मला समजावतेय, मी ऐकत नाही. तुम्ही उठलात, तांब्यात कडुनिंबाची डहाळी बुडवून माझ्यावर चार थेंब शिंपडलेत, स्वतःवर चार शिंपडलेत आणि टॉवेल परत दोरीवर टाकलात. आई म्हणाली, "अहो, तुम्हाला काय झालंय? तुमचं पाणी तापलंय." तुम्ही म्हणालात, "राहू दे. तिला एकटीला कशी पाठवू नरकात?" माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. दिवसभर तुम्ही पारोसे फिरत होतात आणि आई नाकाला पदर लावून.

आता चोरीचं सांगते. पाडव्याची दुपार. आठ दिवस मी मऊ भात आणि दूध, दूध आणि मऊ भात खात होते, तेही अळणी. सगळ्या बिल्डिंगमधून तळणाचे वास येत होते आणि आपल्याकडे कडुनिंबाचा. आई नळाला पाणी आलं म्हणून खाली गेली, तुम्ही गॅलरीत आकाशकंदील दुरुस्त करत होतात. मी खुर्चीवर चढले आणि डबा काढला. अनारशाचं मुरलेलं कच्चं पीठ कधी खाल्लंयत का बाबा? नाहीच खाल्लं असणार, तुम्ही स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा विचारून जायचात. इतकं चांगलं लागतं ना ते! एक गोळी खाल्ली, मग दुसरी, मग मोजायचं सोडून दिलं. डब्यात हा एवढा खड्डा पडल्यावर मात्र तंतरली. मग माझ्या चौथीतल्या डोक्याने हिशोब केला की पीठ कमी झालंय तर काहीतरी घालून भरायला हवं, आणि हाताशी होता गुळाचा डबा. चांगला मोठा खडा फोडला, पिठात कुस्करला, वरून थापून सारखं केलं. त्याच हातांनी, हो, फोडांवरच्या गुलाबी लोशनसकट. शी! नशीब सगळं पुढे कडकडीत तुपात गेलं. डबा जागेवर ठेवला आणि डोळे मिटून पडले, आजारी माणसासारखी.

मला काय माहीत की संध्याकाळीच तुम्ही तो विषय काढाल? दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. कळव्याची आत्या दरवर्षी आपल्याकडे ओवाळायला यायची आणि जाताना अनारशांचा डबा न्यायची. आजी गेल्यापासून तिच्या माहेरचे अनारसे म्हणजे आपल्या घरचेच. या वर्षी तिला घरात घेता येणार नव्हतं, तुम्हीच तिच्याकडे जाणार होतात. "रिकाम्या हाताने जाऊ?" तुम्ही आईला विचारलंत. आई म्हणाली, "मग काय करू? पाहुण्या आहेत घरात, मी कढई ठेवणार नाही." तुम्ही वर छताकडे बघितलंत. मग म्हणालात, "तळण घरात नको ना? गच्ची घरात येते का?" आई विचारात पडली. गच्ची सोसायटीची होती. पाहुण्यांची हद्द तिथपर्यंत आहे का? शेवटी ती म्हणाली, "मी वर येणार नाही. मी तिची शिवाशिव करते, माझ्या हातून तळण नको. तुम्ही तळणार असाल तर तळा."

तुम्ही कंपनीची डायरी काढलीत आणि आई सांगेल तसं क्रमांक घालून लिहायला बसलात. एक, तूप मंद तापवणे. दोन, गोळी खसखशीवर थापणे. "केवढी थापू? माप सांग." "अहो, पुरीएवढी." "पुरी किती इंचांची?" मी चादरीत तोंड खुपसून पडलेले. सांगावं का? सांगितलं तर आईचा मार, वर पाहुण्यांचा कोप. नाही सांगितलं. सकाळी तुम्ही स्टो, कढई, डबा घेऊन जिना चढत होतात तेव्हा आईने दारातून शेवटची सूचना दिली, "आणि काय वाट्टेल ते झालं तरी हसू देऊ नका हं!"

तुम्ही थांबलात. "अजिबात?"

"अजिबात. हसले की संपलं सगळं."

तुम्ही मान हलवलीत आणि गेलात.

अर्ध्या तासाने शेजारच्या काकू धापा टाकत दारात. आत यायची बंदी, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "वहिनी, पोरगी बरी आहे ना? खरं सांगा." आई म्हणाली, "बरी आहे की, खपल्या धरल्यात. का हो?" काकू म्हणाल्या, "मी कपडे काढायला वर गेलेले. भाऊजी स्टोपुढे असे बसलेत, तोंड एवढंसं करून! काय झालं विचारलं तर तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. मला मेलीला नाही नाही ते वाटलं." आई तशीच वर धावली, काकू मागे, आणि काकूंच्या मागे चादर गुंडाळून मी.

ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही पाटावर ताठ बसलायत, एखाद्याच्या दिवसांना गेल्यासारखा चेहरा. डायरी उघडी, उडू नये म्हणून तिच्यावर पान्हा. शेजारी तुमची स्टीलची पट्टी आणि तिने मोजून थापलेले सगळे अगदी एका मापाचे अनारसे. कढईत मात्र एकही अनारसा नाही! नुसता तांबूस चुरा फसफसतोय आणि वर खसखस पोहतेय.

"अहो, हे काय! हसले की सगळे!" आई ओरडली.

"मी नाही हसलो," तुम्ही म्हणालात. "शपथ. सकाळपासून एकदाही नाही."

आई बघतच राहिली. "म्हणजे?"

"तूच म्हणालीस ना, हसू देऊ नका म्हणून? मी हसलो नाही. खाली पोरं खिदळत होती, त्यांना दम दिला. या वहिनी आल्या, त्यांनाही बोलू दिलं नाही. मग हसलं कोण?"

आधी काकूंना कळलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग आईला कळलं की अनारसा तुपात फुटून पसरतो त्याला हसणं म्हणतात, हे आपल्या नवऱ्याला लग्नाला बारा वर्षं होऊन माहीतच नाही, आणि पाहुण्यांचा हाही एक नियम समजून हा माणूस अर्धा तास तोंड पाडून बसलाय. ती गच्चीच्या कठड्याला धरून खाली बसली. मी आईला इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मीही हसायला लागले, खपल्या ताणल्या, दुखलं, तरी थांबता येईना. तुम्ही आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघितलंत, मग माझ्याकडे बघून म्हणालात, "चला, पोरगी हसली," आणि एकदाचे तुम्हीही सुटलात.

तो चुराच डब्यात भरून तुम्ही कळव्याला नेलात. आत्याने तो दुधात कालवून खाल्ला आणि पुढची प्रत्येक भाऊबीज तिने "दादा, तुझे हसरे अनारसे कुठायत?" असं विचारूनच साजरी केली. तुम्हीही किस्सा असा रंगवायचात की जणू पदक मिळालंय. कंपनीत सांगितलात, माझ्या सासरच्यांना लग्नाच्या बैठकीत सांगितलात, आणि शेवटी हॉस्पिटलात, बोलताना दम लागत होता तरी, नर्सबाईंना सांगितलात. दर वेळी शेवट तोच, "मी तर हसलो नाही, मग हसलं कोण?" लहानपणी मी भीतीने गप्प बसले. मोठी झाल्यावर वाटलं, सांगू या, काय होतंय? पण तुमचा किस्सा तुमच्याकडून काढून घ्यायला जीव होईना.

आज हे लिहिताना मात्र एक गोष्ट आठवली. त्या संध्याकाळी कळव्याहून आल्यावर तुम्ही मला पडवळासारखी हाडकुळी म्हणून चिडवत जवळ बसलात. हनुवटीवर गूळ चिकटून सुकलेला, मला कुठे पत्ता? आई लोशन आणायला वळली तेवढ्यात तुम्ही तो नखाने खरवडलात, जिभेवर ठेवलात आणि म्हणालात, "अरेच्चा, हा फोड गोड आहे." मी हसले. किती वर्षं मी ते नुसतंच हसण्यावारी नेलं! मशीन बिघडलं की आधी माल तपासणारा माणूस तुम्ही. आणि तो प्रश्न विचारताना तुम्ही दर वेळी माझ्याकडेच बघायचात की हो बाबा. भर बैठकीतसुद्धा. हॉस्पिटलातसुद्धा.

गूळ जास्त झाला की अनारसे हसतात, म्हणजे मी हसवले. मीच. झालं, लिहिलं.

आता हा कागद आईला वाचून दाखवावा, तुमच्यावरचा आळ उतरवावा, असं मनात होतं. पण आत बघते तर ती गोळ्या थापत एकटीच पुटपुटतेय, तुमचा आवाज काढून, "मी नाही हसलो, शपथ." तुम्ही निर्दोष सुटलात तर तिने काय सांगून हसायचं? त्यामुळे कागद घडी करून तुमच्या डायरीत ठेवतेय. आपली ती पहिली आंघोळ राहिलेलीच आहे, तेव्हा जायची जागा दोघांची एकच, तिथे समोरासमोर कबूल करेन.

आणि एक. आज पिठात गूळ जरा जास्तच घातलाय. मुद्दाम. आईला सांगू नका.