बाबाने ढोल खाली काढला

प्रिय बबलू,

आपला बाबा स्टेजवर चढला, तेही जळगावात, हजारभर माणसांसमोर. हसू नकोस, अंगात गुलाबी झब्बा होता. तो त्याला घालायला लावला अभिमन सरांनी. हे सर कॉलेजात चित्रकला शिकवतात. मागे कुत्रं चावलं म्हणून इंजेक्शनं घ्यायला माझ्या दवाखान्यात यायचे आणि सुई दिसली की डोळे घट्ट मिटून घ्यायचे. त्यांना बोलतं ठेवायला मी बाबाच्या ढोलाचं सांगत बसले आणि ते मागेच लागले. मेहरूण तलावाजवळच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम होता. एकीकडे गिटार, ड्रम आणि आपली फुंकून वाजवायची पावरी वाजणार, आणि त्याच तालावर त्यांची मुलंमुली भिंतीएवढ्या कापडावर चित्र काढणार. वाजणं थांबलं की चित्रही थांबणार. त्यात त्यांना आपला मोठा ढोल हवा होता.

मला वाटलं, बरंच झालं. तू कामाला होतास ती बोट गुजरातच्या किनाऱ्यावरून निघाली ती परत आलीच नाही, तेव्हापासून तो ढोल घरात आढ्याला टांगलेला होता. बोटीवरची बाकीची माणसं सापडली, कुणी जिवंत, कुणी तशी. तू मात्र कसाच सापडला नाहीस. पाड्यावरची म्हातारी माणसं बाबाला सांगून थकली, भुरा, मरणाचा ताल वाजव, नाहीतर पोराला पुढची वाट दिसणार नाही, तिथंच अडकून राहील. तुला ठाऊक आहे, आपल्यात तो ताल वाजला की माणूस गेलं, मग त्यावर पुन्हा बोलणं नाही. पण आई आडवी आली. पोराला डोळ्यांनी बघितल्याशिवाय काठी उचललीस तर मी या घरात राहणार नाही, असं तिने त्याला बजावलं. मग बाबाने होळीला, लग्नाला, कशालाच ढोलाला हात लावला नाही. आई रोज तुझ्या वाटणीची भाकर करायची आणि संध्याकाळी शेळीला घालायची. शेळी तेवढी गुबगुबीत झाली आहे.

कार्यक्रमात होळीचा ताल वाजवायचा असं ठरलं, म्हणूनच आई तयार झाली. तिनेच ढोल उन्हात ठेवून त्याचं कातडं तापवलं. चोपड्याहून गाडीने आली ती अंगावर सगळी चांदी घालून. माझ्या शेजारी खुर्चीत अशी बसली होती की जणू हिच्याच घरचं लग्न आहे.

बाबाने होळीचा ताल धरला आणि खरं सांगते, मैदान हाललं. केळीच्या धंद्यातली पोटं सुटलेली माणसं, कॉलेजच्या पोरी, पोलीस, सगळे उठून नाचायला लागले. कापडापुढची मुलं ब्रश टाकून हातांनीच रंग फासत होती. हिरवा डोंगर झाला, त्यावर लाल कोंबडे झाले. आई मांडीवर बोटं आपटत होती. तिला असं किती दिवसांनी बघत होते मी. वाटलं, आता हळूहळू सगळं नीट होईल. वेडीच मी.

मग ताल बदलला. आधी वाटलं, बाबाचा हात भरून आला असेल. पण दोन जड ठोके, मध्ये थांबणं, मग एक हलका. परत तेच. हा तर मरणाचा ताल. ड्रमवाल्याने ताल लगेच उचलला, गिटारवाला मिसळला, लोकांना तर तो फारच आवडला. अभिमन सर माइकवरून आणखी वाजवायचा आग्रह करत म्हणाले, "बठ्ठा नाची राह्यनात आबा, आखो वाजाडा." बाबा डोळे मिटून वाजवत होता. आई उठून स्टेजकडे धावली, पण नाचणाऱ्यांनी तिला पुढे जाऊ दिलं नाही. मग ती मातीतच बसली आणि तुझं नाव घेऊन रडू लागली, आपल्या बाया रडतात तशी, सूर धरून. कॅमेरावाल्याला वाटलं, म्हातारी गातेय. त्याने तिचा चेहरा मोठ्या पडद्यावर दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बबलू, लोक तुझ्या मरणावर नाचले. त्यांचा काही दोष नाही, त्यांना कुठून कळणार? पण मला सगळ्यांचा राग आला, त्या रंगांचासुद्धा.

बाबा खाली आला तेव्हा आई त्याला मारेल असं वाटलं होतं. तिने हात उचललाही नाही. बाबा आपल्या बोलीत म्हणाला ते मराठीत लिहिते. "किती दिवस त्याला पाण्यात उभं ठेवू, जिवली? घरी तू वाजवू दिलं नसतंस." चोपड्यापर्यंत दोघं गाडीत शेजारी बसली होती, पण एकमेकांकडे बघत नव्हती.

मी रजा काढून पाड्यावर आले आहे. उद्या तुझे कपडे तापीत सोडायचे आहेत. आईने तुझा निळा शर्ट धुऊन वाळवला, खिसा नीट केला आणि मला म्हणाली, तुला लिहिता येतं, त्याला चिठ्ठी लिही, खिशात ठेवू. मी म्हटलं, पाण्यात शाई राहत नाही. ती म्हणाली, तू लिही. गेलेलं माणूस घराच्या मायेने मागे फिरलं तर त्याला ना घर मिळतं ना पुढची वाट, असं आपली माणसं मानतात. म्हणून तिने एकच निरोप सांगितला आहे. तो लिहायचा टाळत होते, म्हणून एवढं सगळं लिहीत बसले. ती समोरच बसली आहे, लिहिलंस का म्हणून विचारते आहे. आई म्हणते, "वाट दिसली की सरळ जा. मी हाक मारली तरी मागे वळू नको. घरी येऊ नको, बाळा."

तुझीच,
ललिता