एमीलची पाठ

रविवार, ८ सप्टेंबर

सात वेळा! सात वेळा पोरगं आडवं झालं. पहिलाच सामना, घरचं मैदान, वीस हजार माणसं — आणि आमचा नवा क्वार्टरबॅक दुपारभर गवत हुंगत होता.

एमील गीड्री. वय बावीस. लुइझियानातल्या दलदलीतून आलाय, बापाची कोळंबीची बोट आहे. उत्तरेतल्या आमच्या दुलुथचा सप्टेंबर त्याला गार वाटतो! आत दोन बनियन घालून आला होता. आमचा जुना क्वार्टरबॅक खांदा निखळून घरी बसलाय, म्हणून चेंडू फेकायचं काम याच्या हातात.

तो उजव्या हाताने फेकतो, म्हणजे त्याची पाठ डावीकडे. आणि डावीकडे मी. त्याला न दिसणारा माणूस मी अडवायचा, एवढंच माझं काम. अकरा वर्षं करतोय. आजच्या सातातला एकच माझ्या बाजूने आला. हे लिहून ठेवतो, कारण उद्या कोच डोंब्रोव्स्की दोन म्हणेल.

सामना संपल्यावर पोरगं त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या आम्हा पाचही जणांकडे एकेक करून आलं. "माफ करा, सर." भिंत आम्ही धरायची, फुटली आमची, आणि माफी हा मागतोय!

आमच्यातला तेवीता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अरे, या हॅल्वर्सनला सर म्हणू नकोस. घरी जाऊन बायकोकडूनही म्हणवून घेईल."

सोमवार, ९ सप्टेंबर

डोंब्रोव्स्की दोन म्हणाला. कोच आहे, म्हणू दे.

पण खरा तमाशा एमीलचा. आम्ही पाच जण मागे सरकत घोड्याच्या नालासारखे उभे राहतो. त्या नालाच्या आतली जागा म्हणजे पॉकेट. तिथे क्वार्टरबॅकने पाय रोवायचे, नजर लांब ठेवायची, आपलं माणूस कुठे मोकळं होतंय ते हेरायचं. अडीच-तीन सेकंद मिळतात. एमील एका सेकंदात बावरतो. कुणी अंगावर आलेलं नसताना मागे मागे पळतो, आणि ज्या धटिंगणाला मी छान बाहेरून वळवून मागे नेलंय, नेमका त्याच्याच मिठीत जाऊन पडतो. जसं काही लग्न ठरलंय दोघांचं!

चित्रफीत थांबवून डोंब्रोव्स्कीने त्याचे डोळे दाखवले. लांब बघतच नव्हते. आमच्या पाठींवर खिळले होते.

"गीड्री, त्या पाठीवर काय लिहिलंय?"

"हॅल्वर्सन, सर."

"वाचून झालं? मग आता पुढे बघ."

सगळे हसले. तोही हसला, पण कानांच्या पाळ्या लाल. ते मी पाहिलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

आज झाडू! डोंब्रोव्स्कीची जुनी युक्ती. एमीलला मधोमध उभं केलं. आम्ही चौघं भोवती, हातात लांब दांड्याचे झाडू — त्याच्या पोटऱ्यांवर, कमरेवर, कानाशी फिरवायचे. तीस पावलांवर कोच बोटं दाखवणार. एमीलने झाडूकडे न बघता बोटं मोजायची.

"किती?"

"तीन — आई गं!"

"आई गं म्हणजे किती?"

तेवीता तर चेकाळलाच होता. एकशे पंचेचाळीस किलोचा, टोंगा बेटांवरचा माणूस झाडू घेऊन नाचतोय! तो मधला, चेंडू पायांतून मागे एमीलच्या हातात देणारा. म्हणाला, "बाळराजे, माझी आजी याहून जोरात मारायची, आणि ती तर प्रेमाने."

पण शेवटी शेवटी पोरगं झाडूकडे बघेनासं झालं. एक पाऊल पुढे, अर्धं पाऊल बाजूला, मान सरळ. ओळीने सहा वेळा बरोबर बोटं. मग सातव्यांदा मी झाडू खाली ठेवला आणि नुसता जवळ जाऊन उभा राहिलो — तर दचकून पळालं!

रविवार, १५ सप्टेंबर

हरलो. पाच वेळा पडला. सातावरून पाच. तेवीता याला प्रगती म्हणतो.

शुक्रवार, २० सप्टेंबर

वर्तमानपत्रात आलंय की क्वार्टरबॅक बदला. दुसरा मागवा कुठूनतरी. एमीलने ते वाचलेलं असावं, कारण आज जेवणाच्या वेळी ताटातली कोंबडी नुसती इकडून तिकडे हलवत होता.

त्याच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "खाणार नसशील तर मला दे."

त्याने खरंच ताट सरकवलं!

मग म्हणाला, "सर, मला ते दिसतात. कुणी नसलं तरी दिसतात. अंगावर येताना."

म्हटलं, "मलाही दिसतात. फरक एवढाच की मी तुझ्या दीडपट आहे." हसला. मग त्याची कोंबडी मी खाल्ली. वाया कशाला घालवा.

मंगळवार, १ ऑक्टोबर

तीनही सामने हरलोय. बायको कोरिन रात्री भांडी लावताना म्हणाली, "उठता-बसता त्या पोराचं नाव घेतोस. दिसतो कसा रे खेळताना?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"म्हणजे?"

"अगं, माझी पाठ असते त्याच्याकडे."

तिला इतकं हसू आलं की बशी ठेवावी लागली. पण खरंच आहे. अकरा वर्षांत चार क्वार्टरबॅक राखले, एकाचंही फेकणं मी समोरासमोर पाहिलेलं नाही. मागून आवाज येतो, लोक ओरडतात, त्यावरून समजायचं बरं झालं की वाईट. बाकी सगळं सोमवारी चित्रफितीत.

रविवार, ६ ऑक्टोबर

जिंकलो!!

शेवटची दोन मिनिटं. माझ्यासमोर एक राक्षस, हात माझ्या छातीत, मी मागे रेटला जातोय. मनात म्हटलं, आता हा पळणार. पाठीमागून पावलांचा आवाज आला — पण पळण्याचा नाही. दोनच पावलं, पुढे. आमच्या मधोमध. मग धप्प! तिघं एकदम त्याच्यावर पडले. आणि वीस हजार माणसं उठली.

चेंडू पोचला होता! चाळीस यार्ड!

वळून पाहिलं तर पोरगं उताणं पडलेलं, नाकातून रक्त, आणि हसतंय खुळ्यासारखं. त्याने पाहिलंच नव्हतं चेंडू कुठे पडला ते. मीही नाही. दोघांनी तेवीताला विचारलं. तोही तोंडघशी पडला होता!

रविवार, २० ऑक्टोबर

सलग तिसरा विजय. एमीलच्या आईने गोठवलेला गम्बो पाठवलाय — खेकडे, कोळंबी, भेंडी. पाच जणांना पुरेल म्हणून पाठवलेला. तेवीताने एकट्याने संपवला आणि वर तिला फोन करून कृती विचारली. बाई अर्धा तास बोलत होती. फोन ठेवताना म्हणाली म्हणे, "माझ्या पोराला पडू देऊ नका हं." तेवीता गहिवरला. मग पातेलं पुसून खाल्लं.

रविवार, १० नोव्हेंबर

पाच सामन्यांत माझ्या बाजूने कुणीही आत आलेला नाही. एकही नाही! टीव्हीवरचा माणूस म्हणाला की पस्तिशीतल्या हॅल्वर्सनला पुन्हा पंचविशी लागली. कोरिनने ते वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. खाली बारीक अक्षरात: "मग कचरा बाहेर नेऊन टाक."

एमील आता पळत नाही. दोन पावलं पुढे सरकतो, फेकतो, मोकळा. मी त्याला म्हटलं, "बघ, डावी बाजू भक्कम असली की माणूस कसा सुधारतो." "हो सर," म्हणाला. चांगलं पोरगं आहे. कदर आहे त्याला.

रविवार, १७ नोव्हेंबर

घोटा गेला. शत्रूने नाही, मित्राने. तेवीता मागे धडपडला आणि माझ्या पायावर बसला. अख्खा! तीन आठवडे तरी, म्हणाले. तेवीता रडकुंडीला आला होता. मीच त्याची समजूत काढत बसलो, पाय बर्फात घालून.

रविवार, २४ नोव्हेंबर

माझ्या जागी इकेना. तेवीस वर्षांचा, लांब हातांचा, अबोल. सामन्याआधी त्याला दहा मिनिटं उपदेश केला. तो नुसती मान हलवत होता. नंतर कळलं, कानात गाणी चालू होती.

कुबड्या घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहिलो. तळ्यावरून बर्फाचा भुरका येत होता. आणि आज पहिल्यांदा मी एमीलला बघितलं. चित्रफितीत नाही — तिथे तो अंगठ्याएवढा दिसतो. समोर, माझ्या डोळ्यांनी.

काय सांगू! भोवती गदारोळ माजलेला, माणसं एकमेकांवर आपटतायत, आणि मधोमध हा उभा — बस येण्याची वाट बघत असल्यासारखा! खांदे सैल. नजर लांब. डावीकडून एक जण आला, इकेनाने रोखून धरला, एमीलने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. उभाच. अजून उभा. मी कडेवरून ओरडलो, "फेक रे!" फेकला नाही. अजून थांबला. मग सावकाश हात उचलला, आणि पन्नास यार्डांवर आमचा एक गडी एकटाच पळत होता, कुणीही जवळ नाही.

जिंकलो. सगळे खूश. मला मात्र काहीतरी टोचत राहिलं. माझ्या पाठीमागे तो इतका वेळ कधी थांबल्याचं मला आठवेना.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

सगळे गेल्यावर चित्रफितीच्या खोलीत बसलो, घड्याळ घेऊन. माझे सहा विजय. एमील चेंडू केव्हा सोडतो: दोन पूर्णांक तीन सेकंद. दोन पूर्णांक तीन. दोन पूर्णांक दोन. प्रत्येक वेळी दोन पावलं पुढे, आणि फेक. मग परवाचा सामना. दोन पूर्णांक नऊ. तीन. दोन पूर्णांक नऊ.

पुन्हा लावलं. या वेळी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत. अडीच सेकंदांच्या पुढे प्रत्येक वेळी माझा माणूस माझ्या खांद्यावरून निसटलेला. प्रत्येक वेळी. फक्त तो पोचेपर्यंत एमील तिथून गेलेला असतो.

घरी आलो, फ्रिजवरचा कागद काढला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचा सण. एमीलला एवढ्या एका दिवसासाठी घरी जाता येत नाही, म्हणून जेवायला बोलावलं. टर्की, जंगली तांदूळ, कोरिनच्या आईची लेफ्सा, म्हणजे बटाट्याची नॉर्वेजियन पोळी. तो लेफ्साला "गोड चपटा रुमाल" म्हणाला आणि चार खाल्ल्या.

नंतर मी भांडी घासत होतो, तो पुसत होता. म्हटलं, "एक विचारू? खरं सांग. माझ्यामागे तू लवकर का फेकतोस?"

ताट पुसत राहिला. कोरडं झालेलं ताट!

"सर, तसं काही नाही..."

"एमील."

"तुमचा श्वास ऐकू येतो," तो म्हणाला. "दोन सेकंद होता होता. फुऽऽ असा. तो आला की मी पुढे सरकतो."

"कधीपासून?"

"तिसऱ्या-चौथ्या सामन्यापासून." मग घाईघाईने, "वाईट नाही हो, सर! उलट फार सोयीचं आहे. अगदी वेळेवर येतो."

"कोचना माहीत आहे?"

"नाही. मी त्यांना सांगितलं, मला लवकर फेकायला आवडतं."

मला हसू फुटलं. काय करणार! साबणाचा हात तसाच त्याच्या मानेवर ठेवला. पोरगं अवघडून उभं. सबंध मोसम मी लोकांना सांगत फिरलो की या पोराला मी उभं राहायला शिकवलं. आणि हा माझी धाप मोजत होता, आणि माझी लाज राखत होता. राष्ट्रीय टीव्हीवर!

जाताना उरलेली लेफ्सा बांधून दिली. "इकेनाचा श्वास येतो का ऐकू?" मी विचारलं.

"नाही, सर," तो हळूच म्हणाला. "तो गुणगुणतो. सगळा वेळ."

रविवार, १ डिसेंबर

जिंकलो. एमील एकदाही पडला नाही. पुढच्या रविवारी शेवटचा सामना — जिंकलो तर पुढची फेरी, हरलो तर तळ्यावर मासे धरायला.

गुरुवार, ५ डिसेंबर

डॉक्टरने घोटा सगळ्या बाजूंनी वळवून पाहिला. "नवा आहे. रविवारी खेळ."

तिथून तडक डोंब्रोव्स्कीकडे. म्हणालो, "डॉक्टर काहीही म्हणो, दुखतोय अजून. जमणार नाही." अकरा वर्षांत दुखत असताना "काही नाही हो" किती वेळा म्हणालो असेन, देव जाणे. उलटं आज पहिल्यांदाच. त्याने माझ्या घोट्याकडे पाहिलं. मग फळ्यावर डाव्या जागी इकेनाचं नाव लिहिलं.

दारापाशी पोचल्यावर ध्यानात आलं — लंगडायचं राहिलंच! वळून पाहिलं. तो फळ्याकडे तोंड करून उभा होता, मुद्दाम.