गोळी आधी, पाय नंतर

पूर्णा, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

आज यांनी उसणीसाठी पुन्हा पाठ पुढे केली. मी पायाळू, पायाकडून जन्मलेली. गल्लीत कुणाला उसण भरली की माझ्याच लाथेसाठी बोलावणं येतं. ते असो. पण हे म्हणतात, "तुझा पाय लागला की बीपीसुद्धा उतरतं." आणि त्या नादात गोळ्या पुडीत तशाच! डॉक्टरांनी बजावलंय, गोळी रोज घ्या, पाठ-मान कुणाकडून मोडून घेऊ नका. माझ्या पायात औषध असतं तर शाळेत कशाला शिकवत बसले असते?

आज मी अडूनच बसले. आधी गोळी, मग पाय. गिळली बिचाऱ्यांनी, तोंड वाकडं करून. मग पाय नुसता टेकवला, जोर दिला नाही. तळव्याला त्यांचं काळीज धडधडताना लागलं. किती भ्याले मी!

"उसण गेली का?" विचारलं.

"ती तर परवाच गेली."

"मग रोज पाठ कशाला देता?"

"दिवसभर तू शाळेत, मी गाडीवर. तेवढाच तुझा पाय लागायलाय."

गोळी चुकवली तर उद्या पाय नाही, असं ठणकावलंय खरं. पण मला राहवेल का?