बिनआवाजाची मोटर

३ मार्च

डॉक्टर म्हणाले, हिला सायकल चालवू द्या. झालं! ऑपरेशनमध्ये हिच्या हृदयात धातूची झडप बसवलीय. शेजारी बसलं की टिकटिक ऐकू येते. इतरांना फारशी येत नाही, मला येते. पंपांच्या मोटारी दुरुस्त करत करत स्वतःचा कारखाना काढला तो याच कानांच्या जिवावर. बेअरिंग गेलंय हे फाटकातूनच सांगायचो. आता हे कान दिवसभर एकच ऐकतात.

टेकडीवर तुझ्या बहिणीकडे जायचंय ना, गाडीने सोडतो म्हटलं. "अहो, मी काय पार्सल आहे?" शेवटी तोड निघाली — हिच्याच सायकलला मोटर बसवायची.

५ मार्च

सायकलवाल्याने चाकात बसणाऱ्या दोन मोटारी दाखवल्या. गिअरवाली हलकी, चढाला जोरकस, पण गुणगुणते. बिनगिअरची जड आणि मुकी. "काका, चढ आहे तर डोळे झाकून गिअरवाली न्या. त्या दुसरीची बॅटरी संपली की लोढणं होतं नुसतं."

मी मुकीच घेतली. बॅटरीही लहान — लांब जायलाच नको! ब्रेकचे लिव्हर मात्र उत्तमातले, दाबताच मोटर बंद. "पंपवाले असून असं घेता?" हसून वेळ मारून नेली. त्याला काय सांगणार? मोटर गुणगुणली तर मागून येताना मला टिकटिक ऐकू येणार नाही!

८ मार्च

ही पुढे, मी मागे साध्या सायकलवर. गल्ली शांत. टिकटिक चालू. "जरा लांबून या हो, वरातीत आल्यासारखे चिकटू नका!" चढाच्या पायथ्याशीच परत फिरवलं.

९ मार्च

भीती तशीच.

१२ मार्च

मी कारखान्यात, ही एकटीच निघाली. मेहुणीचा फोन — "भाऊजी, लवकर या. ताई घामाघूम होऊन आलीय, बोलतच नाहीये." गाडी कशी हाकली, देव जाणे.

अर्ध्या चढावर बॅटरी संपली होती. बाईसाहेब उतरल्या नाहीत. ते लोढणं पायांनी ओढत वर! टिकटिक जोरात होती, पण एकसारखी. मी जमिनीवरच बसकण मारली.

"आधी यांना पाणी दे," ही बहिणीला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मोटर माझ्यासाठी घेतलीत की तुमच्या कानांसाठी?"

पकडलं! मला वाटायचं, घरात कान फक्त मलाच आहेत.

१५ मार्च

गिअरवाली बसवली. बॅटरी मोठी. सायकलवाला गालात हसला. मागोमाग जाऊन पाहिलं — नुसती गुणगुण. टिकटिक नाही. जीव टांगणीला.

१७ मार्च

ही एकटी टेकडीवर गेली. घर मुकं. मी दारात, कान रस्त्यावर. संध्याकाळी वळणापलीकडून गुणगुण आली — ही दिसण्याच्या कितीतरी आधी! धावत आत जाऊन पेपर उघडून बसलो.