बटणाचा मागचा जन्म

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे दुखतात आणि वसतिगृहातल्या मुलींमुळे दिवसभर जिने चढावे लागतात, हे वाचून वाईट वाटलं. पण त्या मुलींची कीव जास्त आली. लहानपणी तुझ्या हाताखाली मीही दिवस काढले आहेत.

आता बातमी. बसून वाच. आमची पोर, आपलं बटण, साधंसुधं नाही, तिला मागचा जन्म आठवतो. हसू नकोस. चौकातले चष्मेवाले तुला माहीत आहेत. त्यांची एकुलती एक मुलगी तापाने गेली आणि नंतर वर्षाने आपलं बटण झालं. चष्मेवाल्या बाई आपल्याच शिवणाच्या दुकानाच्या गिऱ्हाईक. गेल्या महिन्यात झगा अंगावर घालून बघायला आल्या, तर बटण कापड बेतायच्या टेबलाखालून बाहेर आलं, त्यांचं बोट धरलं आणि म्हणालं की मी तुझ्या मांडीवर मेले, मला पाणी हवं होतं. बाईंनी तिला जवळ घेतलं. मग तिने हिरवं कपाट सांगितलं, लंगडं कुत्रं सांगितलं, बोबडी म्हणून शाळेत मुली चिडवायच्या तेही सांगितलं. सगळं तंतोतंत.

आता रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मापाच्या उंच स्टुलावर तिला उभी करतो, लोक विचारतात, ती सांगते. चष्मेवाल्यांना दुसरं कोणी नाही. एप्रिलपासून तिला आमच्याकडेच राहू द्या, म्हणतात. शाळा, कपडालत्ता, सगळं ते बघणार. शिवाय त्यांच्या घराखालचा कोपऱ्यावरचा गाळा आपल्याला वापरायला देणार. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. इथे तर वर चष्माही मिळतोय.

ही मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसली आहे. तू चार शब्द लिहिलेस तर ऐकेल.

लोभ आहेच, तो टिकावा. रागवायच्या आधी पत्र दोनदा वाचावं.

तुझा,
धाकटा


ता. १८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत, हुरळून जाऊ नकोस. रविवारी मी न कळवता आले आणि पाणीही न पिता निघाले, याचं तुला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

दारातून आत बघितलं आणि मला किळस आली. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडत नाही. दुकानभर माणसं, बंद खिडक्या, घामाचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास, आणि मधोमध स्टुलावर आपली पोर. कोणीही यावं आणि तिचा गालगुच्चा घ्यावा. एक जाडा माणूस दात कोरत होता. त्याच बोटांनी त्याने तिची हनुवटी वर केली आणि मरताना दुखलं का, असं विचारलं. पाच वर्षांच्या पोरीला! दुखलं म्हणाली, तर सगळे कसे सुखावून चुकचुकले. प्रत्येक उत्तराला तुझ्या खिशातून तिच्या तोंडात एक गोड गोळी. तिच्या हनुवटीवरून ओघळ गळ्यापर्यंत आला होता, तो कोणी पुसत नव्हतं. तुझ्या खांद्यावर मापाची टेप होती आणि चेहऱ्यावर सर्कशीच्या मालकाचं हसू.

एक गोष्ट मी पाहिली आणि तुला वाटतं ती कोणी पाहिली नाही. कुत्र्याचा कुठला पाय लंगडा होता, असं कोणी विचारलं. ती म्हणाली पुढचा. तू खाकरलास. ती लगेच म्हणाली मागचा. धाकट्या, माझ्याकडे पन्नास मुली आहेत. खाकरल्यावर बदलतं ते उत्तर कुठून येतं, हे मला शिकवू नकोस.

पोर टेबलाखालून बाहेर आली, असं तूच लिहिलंस. तान्ही होती तेव्हापासून ती चिंध्यांच्या ढिगात तिथेच झोपते, तिथेच खेळते. वर कोण काय बोलतं ते तिला ऐकू जात नाही, असं तुम्हाला वाटतं का? तुझ्या बायकोला मी वेगळं पत्र टाकलं आहे. तिला चार शब्द लिहायला सांगितले होतेस ना, लिहिले.

माझा लोभ बटणावर आहे. तुझा हिस्सा सध्या राखून ठेवला आहे.

ताई


ता. २६ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी न्हाणीघरात जाऊन वाचलं. तुम्ही विचारलंत ते खरं आहे.

लेक गेल्यापासून चष्मेवाल्या बाई तिचे कपडे, कापड जोडून, स्वतःच्या मापाचे करून घेतात. एक झाला की दुसरा घेऊन येतात. टाचण्या लावलेल्या असल्या की माणसाला हलता येत नाही, मग माणूस बोलतं. दर वेळी तीच गोष्ट सांगायच्या. हिरवं कपाट, कुत्रं, आणि शेवटी, मांडीवर डोकं ठेवून पोरीने पाणी मागितलं ते. बटण माझ्या पायाशी असायचं. माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे मी नुसती हुं हुं करायची. वन्सं, घरातही मला तीच सवय लागली आहे.

बटण ते बोललं त्या पहिल्याच रात्री मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले की ऐकलं काय नि आठवलं काय, पोरीचं कल्याण होतंय ना. मग माझाच गोंधळ उडाला. मोठं घर आहे, बाई जीव लावतील, मी कोण आडवी येणार?

पण परवा मी तिचे केस विंचरायला बसले, तर ती मला काकू म्हणाली. कोणी शिकवलं विचारलं. म्हणाली की आई त्या चौकातल्या. यांनी ते ऐकलं आणि आता कशी तयार झाली म्हणाले. मला भडभडून आलं. यांच्या ताटातलं उष्टं काढतानासुद्धा आता मला शिसारी येते. असं लिहू नये, पण येते.

मी काय करू ते सांगा. मी करीन.

मायेचा हात पाठीवर असू द्यावा, ही विनंती.

तुमची,
भावजय


ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बायको आणि मुलगी माझ्याकडे आहेत. शोधत फिरू नकोस आणि गावभर बोंबही मारू नकोस. मीच त्यांना बोलावलं. त्यांना न्यायला आले त्या दिवशी आधी चष्मेवाल्यांकडे गेले होते. काय झालं ते तुला कळायला हवं.

बाईंना मी स्पष्टच सांगितलं, की तुम्ही टाचण्या लावून उभ्या राहून जे बोललात तेच पोर बोलते. वाटलं होतं की बाई कोसळतील. त्या शांतपणे काचा पुसत राहिल्या. म्हणाल्या, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कारण त्यांची मुलगी त्यांच्या मांडीवर गेलीच नाही. ती दवाखान्यात एकटी गेली. बाई कपडे बदलायला घरी आल्या होत्या, जरा आडव्या झाल्या आणि डोळा लागला. मांडी आणि पाणी हे सगळं त्यांनी तुझ्या दुकानात रचलं, कारण तिथे कोणी खोटं म्हणत नव्हतं. आता पोर तेच म्हणते, तेव्हा ते खरं वाटतं, असं म्हणाल्या. रोज म्हणावं एवढंच त्यांना हवं आहे.

मला त्यांची दया आली, नाही कशाला म्हणू. पण तिथल्या खुर्चीवर बसवेना. स्वतःच्या झोपेवर पांघरूण घालायला दुसऱ्याची पोर पाहिजे! आणि तू? त्या बाईचं निदान काळीज तरी फाटलंय. तुझं काय फाटलं होतं? कोपऱ्यावरचा गाळा हवा म्हणून तू पोटच्या पोरीला दुसऱ्याचं मरण पाठ करायला लावलंस. म्हणजे बाईंना माहीत, तुला माहीत, तुझ्या बायकोला माहीत. खरं मानणारी एकटी बटणच.

तुझी बायको इथे मुलींचे गणवेश शिवते, पोटापुरतं होतं. रविवारी भेटायला ये, पण मी असताना, आणि खिशात गोळ्या न घेता. हात दाखवून मगच आत यायचं.

काल पोर दिवसभर खेळली. संध्याकाळी भिंतीला टेकून पेंगायला लागली. तिच्या आईने तिला उचललं आणि मांडीवर घेतलं. ती अंगाची लाकडासारखी ताठ झाली, ओरडली नाही, रडली नाही. हळूच घसरून खाली फरशीवर जाऊन बसली. आईने कारण विचारलं, तर म्हणाली की मांडीवर झोपलं की मरतात.

रात्री ती फरशीवरच झोपली. तिची आई शेजारी आडवी होती, हात न लावता.

लोभाचं पुढे बघू.

ताई