मऊ घास

४ जानेवारी
आलो एकदाचे पालमला. एसटी स्टँडमागं भाड्याचं घर, पुढच्या खोलीत माझं भांड्यांचं दुकान. सायकलवर पातेली विकत गावं पालथी घातली, आता स्वतःची गादी. टिचकी मारली की भांड्याची चीर मला ऐकू येते. इथल्या भिंतीही वाजवून पाहिल्या, पक्क्या आहेत. राजेश्री खूश. निकिता, आमची अडीच वर्षांची, परातीत बसून गिऱ्हाइकांना हसवते.

१९ जानेवारी
निकीचं पोट दुखतंय. दोन घासांत पोट भरतं, मग उलटी. राजेश्री पाणी उकळून देते. शेजारच्या कमलबाई दृष्ट काढून गेल्या.
दुपारी दुकान बंद करून पडलो की कोणीतरी भाकरी चावल्याचा आवाज येतो. सावकाश, अगदी मऊ होईपर्यंत.

२८ जानेवारी
परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, जठरात जंतू आहे, चौदा दिवस औषध. हा बहुधा घरातल्या मोठ्यांकडूनच येतो. घास चावून भरवू नका, तुम्हीही तपासून घ्या. मी हसलो. माझं पोट लोखंड पचवतं. चावून भरवणाऱ्या असतील तर कमलबाई. जुन्या वळणाच्या. आवाज तिकडूनच येत असणार.

३० जानेवारी
गेलो भांडायला, विचारलं मात्र गोडीनं. बाईंनी तोंड उघडून दाखवलं. एकही दात नाही.
"कशानं चावू, दादा?" म्हणाल्या. मग हळूच, "आधीच्या भाडेकरूनंबी मला हेच इचारलं होतं. त्याचंबी लेकरू असंच वाळलं."

१२ फेब्रुवारी
औषध संपलं. वजन आणखी उतरलं. आज निकी ताटाला शिवली नाही — तरी उलटीत भाकरीचा लगदा. बारीक चावलेला. तिच्या मागच्या दाढा अजून यायच्यात. राजेश्री म्हणते, घर सोडू. उद्याच.

१३ फेब्रुवारी, दुपार
राजेश्री टेम्पो ठरवायला गेलीय. दार आतून लावलंय. निकी आणि मी, दोघंच.
आवाज. भिंतीतून नाही — जवळ — कानाच्या आतून.
निकी समोर येऊन बसली. तोंड उघडून.
मी जबडा दाबून धरला. आवाज थांबला.

माझ्या तोंडात भाकरी आहे. सकाळपासून जेवलो नाही मी —
थुंकता येईना.
राजेश्री, तिला घेऊन जा. माझ्यापासून लांब — उजवा हात लिहितोय. डावा ऐकेना. बोटं तोंडात — घास काढतोय —
निकी, तोंड मिट. बाळा, मिट —